पुरात बुडालेली आईची काळी सिंगर, चाक जाम आहे. दुरुस्त होईल का भंगारात?

तितूरकाठ (चाळीसगाव)

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या. आमच्या घरी आईची काळी सिंगर मशीन आहे, पायाची, बीडाचं (ओतीव लोखंडाचं) स्टँड आणि सागाचं टेबल. आईला ती सासूकडून मिळाली आणि आजीने धुळ्याच्या कुणा शिंप्याकडून जुनीच घेतली होती, म्हणजे वय किती ते देव जाणे. याच मशीनवर आईने गल्लीतल्या बायांचे ब्लाउज, परकर, आमचे शाळेचे खाकी पँट, सगळं शिवलं, आम्हा तिघा भावंडांच्या फीचे पैसे बरेचदा याच्यातूनच निघाले.

२०२१ ला ३१ ऑगस्टला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमचं घर नदीकडचं, पहाटे जे हाती लागलं ते घेऊन शेजारच्यांच्या गच्चीवर गेलो. मशीन जागेवरच राहिली. टेबलाच्या वर वीतभर पाणी होतं हे भिंतीवरच्या खुणेवरून नंतर कळलं. पाणी उतरलं तेव्हा घरभर गाळ, त्या गडबडीत मशीन फडक्याने पुसली आणि गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली, तेल वगैरे काही सोडलं नाही, तीच मोठी चूक झाली. मागच्या महिन्यात खाली उतरवताना हातातून निसटली आणि स्टँडच्या एका पायाला तडा गेला.

आजची परिस्थिती अशी: चाक अजिबात फिरत नाही, सुईची दांडी अर्ध्यावर अडकलीय, कपडा दाबणारा पाय वर करायचा खटका हलत नाही, खालून सगळं तांबूस गंजलेलं. पण वरच्या बाजूची सोनेरी वेलबुट्टी बऱ्यापैकी शाबूत आहे. टेबलाच्या कडा फुगल्यात. बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) गोल आहे, डब्बीसकट डावीकडून आत जाते, दोऱ्याचं टेन्शन डाव्या टोकाच्या पत्र्यावर आहे. नंबर वाय अक्षराने सुरू होतो.

एका मेकॅनिकला दाखवली तर तो म्हणे आठशे रुपये देतो, नवीन हेड (टेबलावरचं मुख्य मशीन) घेऊन टाका. दुसरा म्हणे घासून काळा स्प्रे मारू आणि मोटर बसवू, चकाचक होईल. आई ७४ वर्षांची आहे, ती एवढंच बोलली, "मन्ही मशीन भंगारमा नको देजो रे." आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन्ही बहिणी माहेरी येणार आहेत, तोवर फिरती झाली तर बरं होईल. मी स्वतः बँकेत कारकून, हातात पाना धरायची सवय नाही, पण शिकायची तयारी आहे. सुरुवात कुठून करू?

शिवणताई (अमळनेर)

दादा आठशेला देऊ नका हो, विषयच सोडा. तुम्ही जे वर्णन केलंय ना गोल बॉबिन, डावीकडून डब्बी, टेन्शन डाव्या टोकाला, ते १५ नंबरच्या क्लासचं मशीन आहे, म्हणजे बहुतेक १५के. यातला के म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा किलबोवी कारखाना. वाय अक्षराचे नंबर तिथलेच, साधारण १९२२ ते १९३५ च्या दरम्यानचे. तो कारखाना १९८० ला बंद पडला पण त्याची मशीन आपल्याकडे अजून चालू आहेत, माझ्याकडेच एक आहे, रोज चार ब्लाउज निघतात.

आणि चांगली गोष्ट सांगते, आपल्याकडे जी काळी उषा वगैरे मशीन घरोघर दिसतात ती याच १५ क्लासच्या धाटणीवर बनलेली आहेत, त्यामुळे बॉबिन, डब्बी, सुई, पाय, कपडा सरकवणारे दाते, पट्टा हे सगळं कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतं. फक्त डब्बी घ्यायला जाल तेव्हा जुनी सोबत न्या, वरचं शिंग कुणाचं डावीकडे झुकलेलं असतं कुणाचं उजवीकडे, चुकीची आणली तर बसत नाही. बाकी जाम झालेलं सोडवायचं काम माझं नाही, ते इथे कुणी फिटर असेल तर सांगेल.

रिटायर्ड_फिटर (भुसावळ)

आहे ताई, फिटर आहे. ३४ वर्षं रेल्वेत घातली, आता घरी जुन्या मशीन सोडवत बसतो, आतापर्यंत सात झाल्या.

भाऊ, पहिलं म्हणजे हातोडी घरातून बाहेर ठेवा. हेड बीडाचं असतं, बीड वाकत नाही, सरळ तुटतं, आणि तुटलं की मग खरंच भंगार. दुसरं, चाकाला पाना लावून जोर करू नका. जाम झालेली मशीन जोराने सुटत नाही, ती वेळ देऊन सुटते. तुमच्याकडे आखाजीपर्यंत वेळ आहे, पुरेसा आहे.

काम सुरू करण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक स्क्रू काढताना परत काढा. स्क्रू काडेपेटीत किंवा मसाल्याच्या डब्यात वाट्यांमध्ये वेगवेगळे ठेवा कारण सिंगरच्या स्क्रूचे आटे त्यांचे स्वतःचे आहेत, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू त्यात जात नाही, एक हरवला की महिनाभर शोधत बसाल. स्क्रूड्रायव्हर खाचेत गच्च बसणाराच पाहिजे, सैल असला तर स्क्रूचं डोकं खराब होतं, मी तर कानस मारून प्रत्येक मापाचा करून ठेवलाय. हेड टेबलातून काढायला मागच्या दोन बिजागऱ्यांच्या पिना धरणारे छोटे स्क्रू सैल करा आणि दोन माणसांनी उचला, चांगलं जड असतं.

आता जाम कुठे आहे ते शोधायचं. चाकाच्या मध्यभागी जो गोल नॉब असतो, बॉबिन भरताना आपण सैल करतो तो, तो सैल करून बघा. नॉब सैल केल्यावर चाक सुटं फिरलं तर अडचण पुढे मशीनमध्ये आहे. नाही फिरलं तर चाकच दांड्याला धरलंय किंवा चाकामागे दोरा गुंडाळलाय. हा दोरा फार फसवतो, वर्षानुवर्षांचा धागा चाक आणि बॉडीच्या मध्ये घुसून दोरखंडासारखा घट्ट होतो. नॉबमधला बारीक स्क्रू काढला की नॉब निघतो, त्यामागे एक वॉशर असतो, त्याला कान असतात, तो काढायच्या आधी कुठल्या बाजूने कसा बसलाय त्याचा फोटो काढाच, कारण उलटा बसवला तर नंतर बॉबिन भरताना सुईसुद्धा वरखाली होत राहते नाहीतर चाक फिरतं पण मशीन चालत नाही, आणि माणसाला वाटतं आपण काहीतरी मोडलं.

तुमच्या केसमध्ये गंज आणि गाळ दोन्ही आहे. डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून बाटलीत घ्या, ड्रॉपरने किंवा इंजेक्शनच्या सिरिंजने प्रत्येक तेलाच्या छिद्रात, प्रत्येक दांडी जिथे बॉडीतून बाहेर येते तिथे, आणि हेड आडवं करून खालच्या प्रत्येक सांध्यात सोडा. काळ्या रंगावर, सोनेरी नक्षीवर सांडलं तर लगेच पुसा. सकाळ-संध्याकाळ सोडायचं. आणि आता जे सांगतो ते आपल्या खान्देशातच जमतं: दुपारी ११ ते ३ हेड उन्हात ठेवा, वरून पांढरं फडकं टाकून. एप्रिलच्या आपल्या उन्हात बीड असं तापतं की हात लावता येत नाही, आतलं जुनं चिकट झालेलं तेल सैल होतं आणि नवं आत उतरतं. पुण्या-मुंबईकडचे लोक हेअर ड्रायर लावतात, आपल्याला सूर्य फुकट आहे. गॅसची बत्ती मात्र अजिबात लावू नका, रंग फुगून निघेल आणि डिझेल लावलंय हे विसरू नका. लाकडी टेबल उन्हात ठेवू नका, ते सावलीत सुकू द्या.

रोज संध्याकाळी चाक हाताने केसभर पुढे, केसभर मागे. बस. हललं नाही तर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी परत. शटलवरची (बॉबिनची डब्बी बसते त्या फिरत्या भागावरची) रिंग काढून आत नक्की बघा, दोऱ्याचा बारीक तुकडा तिथे अडकला तरी पूर्ण मशीन बंद पडते, तुमच्याकडे तर गाळ असेल. सुईची दांडी बाहेर काढायची वेळ आली तर आधी दांडी जिथे क्लॅम्पमध्ये धरलीय तिथे बारीक सुईने रेघ ओढून ठेवा, मार्करने नको, डिझेलने पुसला जातो. ती उंची जराशी जरी हलली तर टाका पडत नाही.

स्टँडच्या तड्याचं: साध्या रॉडने वेल्डिंग करून घेऊ नका, बीडाला साधं वेल्डिंग मारलं की शेजारी नवा तडा जातो. तडा जिथे संपतो तिथे बारीक ड्रिलने एक भोक मारा म्हणजे तो पुढे पळत नाही. मग दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी लावून बोल्ट मारा. दिसायला थोडं दिसेल पण आयुष्यभर टिकेल. कुणी पितळी वेल्डिंग चांगलं करणारा असेल तर तेही चालतं.

एरंडोल_टेलर्स

काकांनी सगळं बरोबर सांगितलं पण मी धंदेवाला माणूस म्हणून बोलतो, राग मानू नका. आठ दिवस उन्हात ठेवा, डिझेल सोडा, इतक्या वेळात नवीन मशीनवर चार हजाराचं काम होतं. शिवायचंच असेल तर मोटर बसवा, ७४ वर्षांच्या माउलीला पायडल मारायला लावता का? गुडघे जातात. आणि काळा स्प्रे मारला तर काय बिघडतं, नवीन दिसेल, गंज परत धरणार नाही.

शिवणताई (अमळनेर)

भाऊ तुमचं धंद्याचं गणित बरोबर आहे, मी पण धंदाच करते. पण ही मशीन धंद्यासाठी नाहीये ना. आणि मोटरचं म्हणाल तर ते माउलीला विचारू द्या. माझ्या सासूबाईंना मोटर बसवून दिली, त्यांनी आठ दिवसांत काढायला लावली, म्हणे पायाने जो टाका हवा तिथे थांबतो तो मोटरने थांबत नाही. पायाची सवय असलेल्या बाईचा टाका तळव्यात असतो.

स्प्रेचं मात्र ऐकू नका दादा, हात जोडते. ती जी सोनेरी वेलबुट्टी आहे ती एकदा गेली की परत येत नाही. स्टिकर मिळतात आता पण ते स्टिकरच दिसतात. आणि वरून रंग मारला तर तो तेलाच्या छिद्रात, दांडीच्या भोकात जाऊन बसतो, मग परत जाम.

आता साफ कशाने करायची ते ऐका कारण इथेच लोक घात करतात. त्या नक्षीवरचा चमकदार थर लाखेचा असतो. आपल्याकडे सुतार लाख पॉलिश करतो ना, लाखेच्या पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवून, तीच लाख. म्हणजे स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर यातलं काहीही लावलं की तो थर जागेवर विरघळणार, फडक्यावर पिवळट-तपकिरी यायला लागतं आणि आपल्याला वाटतं मळ निघतोय, तो मळ नसतो, पॉलिश निघत असतं. काच पुसायचं अमोनियावालं पाणीपण नको, वरचा थर गेलेला असेल तिथली सोनेरी नक्षी चंदेरी होऊन जाते. भांड्याची पावडर तर नकोच नको. फक्त मशीनचं पांढरं तेल, कापसाचा बोळा, आणि हळू हात. बोळा काळा झाला की दुसरा घ्यायचा. मी माझ्या मशीनला दोन संध्याकाळ आणि अख्खं पाकीट कापूस घातला होता.

आणि तेलाचं अजून एक. खोबरेल, शेंगदाण्याचं, सरकीचं, कुठलंही खायचं तेल टाकू नका. घरात हाताशी असतं म्हणून बाया टाकतात, चार दिवस मशीन मऊ चालते आणि वर्षभरात ते तेल वार्निशसारखं घट्ट होतं. बऱ्याच जाम मशीन गंजाने नाही, खोबरेलाने जाम झालेल्या असतात.

रिटायर्ड_फिटर (भुसावळ)

खोबरेलाचं शंभर टक्के. माझ्या सातपैकी चार त्याच्याच. फक्त एक जोडतो, डिझेलचं मिश्रण हे सोडवण्यापुरतं आहे, ते वंगण नाही. मशीन सुटली की सगळं फडक्याने, ब्रशने काढून टाका आणि मग पांढरं तेल सगळीकडे. पहिले काही दिवस जुना मळ तपकिरी होऊन बाहेर येत राहील, चांगल्या कपड्यावर डाग पडेल, म्हणून आधी जुन्या चिंधीवर शिवत राहा, डाग पडायचे थांबेपर्यंत.

तितूरकाठ (चाळीसगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. तेरा दिवसांनी लिहितोय, सांगण्यासारखं खूप आहे.

नॉब सैल केला, चाक तरी फिरेना. काकांनी सांगितलं तसं तेल, ऊन, तेल, ऊन. पाच दिवस काहीच नाही, बायको म्हणाली उगाच गच्ची तेलकट करू राहिलात. सहाव्या दिवशी संध्याकाळी चाक नखभर हललं. खरं सांगतो, अंगावर काटा आला. आठव्या दिवशी चाक काढता आलं आणि मागे दोरा निघाला, जवळजवळ वीतभर लांबीचा गुंता, काळा पडलेला, ब्लेडने कापून काढावा लागला. शटलच्या रिंगमध्ये तितूरचा गाळ, अगदी मऊ, पिठासारखा, पाण्याचा थेंब पडला की चिखल.

आणि दात्यांखाली जे निघालं ते आईला दाखवलं. दात्यांवरची पट्टी काढली तर खाली कपड्याचा चुरा दाबून दाबून नमद्यासारखा झालेला, बोटभर जाड, टाचणीने उचलला तर अख्खी वडी बाहेर आली. बाजूने बघितलं तर त्यात थर दिसतात, खाली खाकी, मग लाल, मग हिरवा, मग परत लाल. आई चष्मा लावून बघत बसली. म्हणे हे खाकी तुमच्या शाळेचं, आणि हा हिरवा ताईच्या लग्नातला, तेव्हा मांडवातल्या बायांचे बावीस ब्लाउज शिवले होते. ती वडी तिने फेकू दिली नाही, डबीत ठेवलीय.

नक्षी फक्त मशीनच्या तेलाने पुसली, खांबावरची वेल आता वाचता येईल इतकी स्वच्छ आहे. बेडवर जिथे हात घासतो तिथली आधीच गेलेली होती, ती तशीच ठेवली, ती आईच्या हाताने गेलीय. रंग मारला नाही. स्टँडला पट्ट्या मारल्या, आधी भोक मारलं. पट्टा नवीन चामड्याचा आणला, आधी सैल झाला म्हणून थोडा कापून परत पिन मारली.

मग शिवायला बसलो तर टाकाच पडेना. दोरा वर तसाच, खालचा उचलतच नाही. मी घाबरलो, वाटलं दांडीची उंची चुकली, रेघ तर ओढली होती. रात्री दहा वाजता पुन्हा सगळं उघडायला लागलो. आईने मला बाजूला सरकायला सांगितलं, सुईच्या मुळाशी अंगठा फिरवला, बघितलंसुद्धा नाही, आणि म्हणाली सुई उलटी लावलीस. चपटी बाजू उजवीकडे होती. या मशीनला चपटी बाजू डावीकडे आणि दोरा उजवीकडून डावीकडे ओवायचा. सुई फिरवली, चाक स्वतःकडे फिरवून पायडलवर पाय ठेवला आणि पहिला टाका पडला. मग ती उठलीच नाही, चिंधीवर चिंध्या जोडत बसली साडेअकरापर्यंत. मोटरचं विचारलं तर मान हलवली, नको म्हणाली.

एरंडोलच्या भाऊंना: गुडघ्याचं लक्षात आहे, खुर्ची थोडी उंच करून दिलीय आणि अर्ध्या तासाच्या वर बसू देत नाही.

आता एकच अडचण राहिलीय. तिला बहिणींसाठी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या करायच्या आहेत, कापडाचे चार-पाच पदर (थर) एकत्र आले की टाका मधेच सुटतो. दोन पदरांवर एकदम छान चालते. सुई १४ नंबरची आहे.

एरंडोल_टेलर्स

भाऊ वाचून बरं वाटलं. माझ्या आईची पण पडलीय माळ्यावर, रविवारी खाली काढतो. काका तुम्हाला त्रास देणार आहे.

शिवणताई (अमळनेर)

गोधडीला १४ नंबर बारीक पडते दादा, जाड कपड्यात वाकते आणि शटलच्या टोकापासून लांब जाते, म्हणून टाका सुटतो. १८ लावा, पाकिटावर १५x१ नाहीतर एचएएक्स१ लिहिलेली, घरगुती मशीनची. दुकानदार कधी फॅक्टरीवाल्या मशीनची गोल दांडीची सुई देतो ती घेऊ नका. सुई पूर्ण वर ढकलून मगच स्क्रू आवळा. पायावरचा दाब वाढवायचा गोल स्क्रू डोक्यावर असतो, पाय जिथे आहे त्याच्या बरोबर वर, तो दोन फेरे आत घ्या. टाका लांब करा. दोरा ओवताना पाय वर उचललेला पाहिजे, नाहीतर टेन्शनच्या चकत्यांमध्ये दोरा बसतच नाही. आणि आईंना सांगा पदर आधी हाताने मोठे टाके घालून टाचून घ्या, मशीनला ओढायला लावू नका, तिने सरकवलं तेवढंच सरकू द्या. त्यांना हे माहीत असेलच म्हणा.

तितूरकाठ (चाळीसगाव)

हो, टाचणं सुरू झालंय सकाळपासून, अंगणात लुगडी पसरलीत. १८ नंबर आज संध्याकाळी बँकेतून येताना आणतो.